बोअरहोल लॉगवरून कोळशाच्या सीम जोडताना: कोरिलेशनचं काम कोणत्या क्रमानं करायचं

कोरिलेशन म्हणजे एका बोअरहोलमधली सीम (कोळशाचा थर) दुसऱ्यातली नेमकी कोणती ते ओळखून जोडणं, आणि लॉग म्हणजे होलमध्ये किती खोलीवर काय लागलं त्याची नोंद. दोन बोअरहोलमध्ये साधारण सारख्या खोलीवर चार-चार मीटर कोळसा दिसला की पट्टी ठेवून सरळ रेघ मारायची, ही सवय इतकी पसरलीये की एमएस्सीच्या डेझर्टेशनपासून नव्यानं लागलेल्या जिऑलॉजिस्टच्या सेक्शनपर्यंत (जमिनीच्या उभ्या छेदापर्यंत) सगळीकडे तेच दिसतं. तिसऱ्या बोअरहोलमध्ये मात्र चार मीटरच्या जागी दीड आणि अडीच मीटरचे दोन तुकडे निघतात, मधे नऊ मीटर शेल (चिखलाचा खडक), आणि मग एक तर तिथे फॉल्ट (खडक सरकलेला तडा) काढला जातो नाही तर सीम ‘पिंच आउट’ झाली (पातळ होत होत संपली) असं लिहून लोकं मोकळी होतात. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतं. डेटा तोच असतो, क्रम उलटा झालेला असतो, म्हणजे आधी रेघ आणि मग विचार.

खालचा क्रम नागपूरच्या आसपासच्या कोलफील्डसाठी लिहिलाय, म्हणजे कामठी, उमरेड, बंदर आणि खाली वणी-घुग्घुस-बल्लारपूरपर्यंतची वर्धा व्हॅली. गोंडवानाच्या (हा कोळसा असलेल्या जुन्या खडकांच्या गटाच्या) इतर बेसिनमध्येही तो चालेल, फक्त फॉर्मेशनची (खडकांच्या थरगटांची) नावं आणि जाड्या तिथल्या घ्या.

१. रेघ मारायच्या आधी: सीम बनते कशी, एवढं डोक्यात पक्कं करा

थिअरी नको वाटत असेल तरी हा भाग सोडू नका, कारण पुढची प्रत्येक शंका इथेच येऊन सुटते.

पीट (अर्धवट कुजलेला झाडोरा, ज्याचा पुढे कोळसा होतो) साचायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: भरपूर झाडोरा, जमिनीच्या पातळीलाच टेकलेलं पाणी म्हणजे झाडोरा कुजून उडून जाणार नाही, आणि गाळ कमी. जमीन खचायचा वेग आणि पीट वाढायचा वेग जुळला तर जाड पीट बनतं. जमीन जास्त वेगानं खचली तर दलदल बुडते, तळं होतं आणि वर चिखल बसतो, तीच आपल्याला शेल म्हणून दिसते. खचणं थांबलं तर पीट उघडं पडून सडतं किंवा नदी ते कापून नेते. बराकरच्या (ज्यात आपल्या सीम आहेत त्या फॉर्मेशनच्या) काळात, म्हणजे पर्मियनमध्ये, आपल्याकडे बर्फ सरून गेल्यावरचं थंड हवामान, ग्लॉसोप्टेरिसची जंगलं आणि वाळू भरभरून वाहणाऱ्या नद्या होत्या. नदी कधी काठ फोडायची, वाळू-चिखल दलदलीत पसरायचा, आणि तोच आज सीममधला डर्ट बँड आहे.

यातून कामाच्या गोष्टी निघतात त्या अशा. नदीच्या बाजूला बँड जाड असतो, नदीपासून लांब पातळ होत होत संपतो, म्हणजे स्प्लिट (सीम फाकून दोन होणं) उघडतो तो नदीकडे किंवा जास्त खचणाऱ्या बाजूकडे. आपलं बेसिन फॉल्टनं बांधलेलं आहे, वर्धा व्हॅली ही प्राणहिता-गोदावरीच्याच वायव्य-आग्नेय पट्ट्याचं वरचं टोक, त्यामुळे गाळ साचत असतानाच हलणाऱ्या फॉल्टच्या बाजूला पार्टिंग (फाकलेल्या फांद्यांमधला खडक) जाड होतात आणि एकच जाड सीम तीन-चार सीममध्ये फाकते, तर शांत बाजूला त्या सगळ्या एकत्र येऊन एक होतात. घुग्घुस-माजरीकडे पंधरा-वीस मीटरच्या आसपासची एकच कंपोझिट सीम आणि कामठीकडे नंबर दिलेल्या अनेक सीम, हा फरक बघायला नागपुरातून फार लांब जावं लागत नाही. आणि राख: पाण्याबरोबर आलेली बारीक माती पीटमध्ये मिसळूनच बसली, म्हणून गोंडवाना कोळशात राख जास्त आणि ती स्प्लिटच्या कडेकडे अजून वाढत जाते.

सीम म्हणजे सगळीकडे सारखी लाटलेली पोळी नव्हे, एवढं मनात बसलं तरी निम्म्या चुका होणार नाहीत.

२. डेटा एका पातळीवर आणा

कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

प्रत्येक बोअरहोलचे कोऑर्डिनेट्स आणि कॉलरचा (होलच्या तोंडाचा) आरएल (समुद्रसपाटीपासूनची उंची) एकाच सर्व्हेचे आहेत का ते बघा. जुन्या होलचे नकाशे खाणीच्या लोकल ग्रिडवर असतात आणि खोली फुटांत, ती मीटरमध्ये करताना ०.३०४८ नं गुणा, ‘तीन फूट म्हणजे मीटर’ असं चालत नाही कारण तीनशे फुटांवर आठ-साडेआठ मीटरचा फरक पडतो आणि तेवढ्यात अख्खी सीम बसते.

मग सगळ्या खोल्या आरएलमध्ये बदला. समजा एका होलचा कॉलर २४८.०० मीटरवर आहे आणि सीमचं रूफ (वरची बाजू) ९२.४० मीटर खोलीवर, तर रूफचा आरएल १५५.६०. दुसऱ्याचा कॉलर २३१.००, रूफ ८०.१० वर, आरएल १५०.९०. खोली बघून वाटतं दुसऱ्या होलमध्ये सीम वर आली, प्रत्यक्षात ती ४.७० मीटर खाली गेलीये. नुसत्या खोलीवर सेक्शन काढलं की डिपच (थराचा उतार) उलटा दिसतो, आणि मग तो उलटा डिप समजावायला फॉल्ट शोधला जातो.

लॉगमधली नावंही एक करा. एका जिऑलॉजिस्टचा ‘शेली कोल’ दुसऱ्याच्या लॉगमध्ये ‘कार्ब शेल’ असतो. अॅनालिसिस हातात असेल तर राख अधिक ओलावा बघा: ४० टक्क्यांपर्यंत कोळसा, ४० ते ५५ शेली कोल, ५५ ते ७५ कार्बोनेशियस शेल, आणि त्याच्या वर साधी शेल. नुसत्या डोळ्यानं केलेल्या वर्णनापेक्षा हे आकडे वरचढ समजा.

> तपासा: प्रत्येक सीमच्या समोर कोअर रिकव्हरी (ड्रिल केलेल्यापैकी किती खडक हाताला आला) लिहिली का? कोळसा ठिसूळ, ड्रिलिंगमध्ये आधी तोच जातो. चार मीटरच्या रनमध्ये अडीच मीटर कोअर आला आणि तुम्ही अडीच मीटरची सीम लिहिली, तर ती सीम पातळ झाली नाही, बॉक्समध्ये आली नाही एवढंच. नव्वद टक्क्यांच्या खाली रिकव्हरी असेल तर जाडी जिओफिजिकल लॉगवरूनच (होलमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापांवरून) घ्या.

३. जिओफिजिकल लॉग वाचा, पण एकट्या कर्व्हवर विसंबू नका

कोळसा ओळखायला डेन्सिटी सगळ्यात भरवशाची. वालुकाश्म आणि शेल साधारण २.२ ते २.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये, कोळसा १.३ पासून, राख वाढेल तसा १.७-१.८ कडे सरकतो. गॅमा (खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग) कोळशात कमी, शेलमध्ये जास्त. रेझिस्टिव्हिटी कोळशात चढते. कॅलिपर होलचा व्यास मोजून भिंतीची अवस्था सांगतो.

इथे आपल्या भागातली एक खास अडचण आहे आणि बाहेरची पुस्तकं वाचून आलेली मुलं तिच्यात हमखास फसतात. बराकरचा वालुकाश्म फेल्डस्पॅथिक आहे. त्यात पोटॅश फेल्डस्पार असल्यानं पोटॅशियम येतं आणि गॅमा वर जातो, म्हणजे ‘गॅमा जास्त तर शेल’ हा नियम तिथे डोळे झाकून लावला की वालुकाश्माच्या जागी शेल लिहिली जाते. मग नदीचं चॅनल ज्या पट्ट्यात होतं तिथेच तुम्हाला तळं दिसायला लागतं आणि सगळं चित्र उलटं होतं. अशा ठिकाणी डेन्सिटी, रेझिस्टिव्हिटी आणि कोअरचं वर्णन तिन्ही शेजारी ठेवून ठरवा.

> सावधान: कॅलिपर फुगलेला असेल तिथली कमी डेन्सिटी खरी मानू नका. भिंत ढासळून पोकळी झालेली असते आणि टूल चिखल-पाणी मोजत असतं. मऊ शेलच्या जागी ‘कोळसा’ सापडतो तो असाच.

ड्रिलरची खोली आणि लॉगची खोली यांत थोडा फरक येतोच. एकच ठरवा, शक्यतो जिओफिजिकल, आणि कोअरचा लॉग त्याला जुळवून सरकवा. अर्ध्या होलना एक आणि अर्ध्यांना दुसरी खोली असं मिश्रण करू नका.

४. सीमचं बँड प्रोफाइल काढा आणि नंबर विसरा

प्रत्येक सीम मोठ्या स्केलवर, १:१०० किंवा १:५० वर, रूफपासून फ्लोअरपर्यंत (खालच्या बाजूपर्यंत) काढा. कुठे चकचकीत कोळसा, कुठे मळकट, डर्ट बँड किती सेंटिमीटरचा, कशाचा, फ्लोअरपासून किती वर. रूफला काय आहे आणि फ्लोअरला काय आहे तेही. हे पट्टे एकमेकांशेजारी ठेवले की जाडी बदललेली असली तरी बँडचा क्रम ओळखू येतो, आणि ओळख पटवायची ती क्रमावरून, जाडीवरून नाही.

नंबरवरून तर अजिबात नाही. झरियात सीमचे नंबर खालून वर जातात, गोदावरी व्हॅलीत वरून खाली. एकाच कोलफील्डमध्ये दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये वेगळ्या काळात ड्रिलिंग झालं असेल तर एका ब्लॉकची ‘तीन’ आणि शेजारची ‘तीन’ एकच असेल असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून कोरिलेशन पूर्ण होईपर्यंत जुने नंबर झाकून ठेवा आणि प्रत्येक होलमधल्या सीमना वरून खाली क, ख, ग अशी तात्पुरती नावं द्या, ती पण त्या होलपुरतीच. नंबर डोळ्यासमोर असला की हात आपोआप तिकडे जातो.

५. सुरुवात कुठून: टाइप होल आणि बंद लूप

सगळ्यात चांगली रिकव्हरी, पूर्ण लॉग आणि तालचीरपर्यंत (बराकरच्या खालच्या फॉर्मेशनपर्यंत) गेलेलं होल निवडा, तेच टाइप होल. तालचीरपर्यंत का? हिरवट शेल आणि गोटे असलेला थर लागला की खाली कोळसा नाही हे पक्कं होतं. जे होल बराकरमध्येच बंद केलंय तिथे ‘खालची सीम नाही’ असं लिहायचा हक्कच तुम्हाला नाही. तिथे ‘होल तिथवर गेलं नाही’ एवढंच लिहायचं.

टाइप होलपासून जवळच्या होलकडे जा, मग त्याच्या पुढच्या. लांब उडी मारू नका. दोन होलमध्ये दीड किलोमीटर अंतर असेल आणि मधे तिसरं उपलब्ध असेल तर ते वाकडं पडतं म्हणून सोडू नका, सेक्शन थोडं वाकडं चालेल.

> तपासा: लूप बंद करा. एका होलपासून निघून तीन-चार होल फिरून परत पहिल्यावर या. निघताना ज्या सीमवर होता त्याच सीमवर परत आलात तर ठीक. वरच्या किंवा खालच्या सीमवर आलात तर मधे कुठेतरी स्प्लिट चुकलाय. लूप जुळेपर्यंत पुढचं सेक्शन हातात घेऊ नका, कितीही घाई असली तरी.

६. आधी डेटमवर टांगा, समुद्रसपाटीवर नंतर

हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. समुद्रसपाटीवर काढलेल्या सेक्शनमध्ये डिप, फॉल्ट आणि साचतानाचे फरक सगळे एकात एक मिसळून दिसतात आणि मग स्प्लिट कुठला, फॉल्ट कुठला ते कळत नाही. म्हणून पहिलं सेक्शन एखादा पसरलेला थर, म्हणजे डेटम, आडवा मानून त्याच्यावर टांगायचं. म्हणजे आपण थर साचले तेव्हाचं चित्र परत उभं करतो.

डेटम कोणता घ्यायचा? सगळ्या होलमध्ये सापडणारी आणि प्रोफाइल न बदलणारी सीम, किंवा पसरलेला शेलचा थर. कोणता घ्यायचा नाही हे जास्त महत्त्वाचं आहे: वालुकाश्माचा तळ नको, कारण चॅनल खाली कापत जातं आणि तळ वरखाली असतो. कामठी फॉर्मेशनचा (कोलफील्ड नव्हे, बराकरच्या वरचा खडक) तळ तर मुळीच नको. वर्धा व्हॅलीत बऱ्याच ठिकाणी कामठी हे बराकरची झीज झाल्यावर त्यावर बसलंय, तो तळ आडवा मानला की खालच्या सगळ्या सीम खोट्या कलतात.

दोन वेगळे डेटम घेऊन तेच सेक्शन दोनदा काढा. दोन्हीत जे जुळतं ते धरा, आणि एकातच जुळतं त्याच्यावर प्रश्नचिन्ह टाका.

७. आता रेघा, आणि त्या कोळशाच्या आधी खडकाच्या

दोन सीममधला खडक जोडा. दोन सीममधलं अंतर, त्यातला वालुकाश्म जाड होतोय की पातळ, वर जाताना दाणा बारीक होत जाऊन शेल, कार्ब शेल आणि मग कोळसा असा क्रम कितीदा येतो, हे जुळलं की सीम आपोआप जुळतात. अंतर हळूहळू आणि एकाच दिशेनं बदलत असेल तर तो साचण्यातला बदल. पाच होलमध्ये १२, १४, १७, २१, २४ मीटर असं गेलं तर समजू शकतं, पण १२, १४, ३, १८ असं आलं तर त्या तीनवर थांबा, पुढे जाऊ नका.

स्प्लिट काढताना हिशोब करा. ४.२ मीटरची सीम फाकून १.५ आणि २.५ झाली तर बेरीज ४.०, जवळपास बसते. पण बेरीज सहा येत असेल तर तुम्ही दुसरीच एखादी सीम आत ओढली आहे. बेरीज दोनच येत असेल तर एक फांदी राहून गेली, किंवा त्या बाजूला कोळशाची शेल झालीये, आणि ते राखेवरून कळेल. प्रोफाइलही बघा: अखंड सीममध्ये ज्या उंचीवर पंधरा-वीस सेंटिमीटरचा डर्ट बँड होता तिथूनच ती फाकायला पाहिजे. ज्या जागी बँडच नव्हता तिथून फाकलेली सीम मला कधीही पटत नाही.

एक आडवळणी प्रकार लक्षात ठेवा. खालच्या सीमची वरची फांदी वर जाऊन वरच्या सीमला मिळते, सेक्शनमध्ये इंग्रजी झेडसारखा आकार होतो. अशा ठिकाणी एका टोकाला दोन सीम, दुसऱ्या टोकालाही दोनच, म्हणून लोकं वरची वरच्याला आणि खालची खालच्याला जोडून राहिलेत, आणि मधलं एक होल ‘चुकीचं’ म्हणून बाजूला ठेवून देतात. ते होलच खरं सांगत असतं. हातातल्या कोरिलेशनमध्ये न बसणारं होल काढून टाकायच्या आधी त्याला मध्यभागी ठेवून एकदा सगळं परत जोडून बघा.

८. सीम सापडलीच नाही तर: पाच कारणं, पाच खुणा

इथे वेळ द्या, कारण ‘पिंच आउट’ हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकलेलं उत्तर आहे.

पहिलं, कोअर गेला. डेन्सिटी लॉग बघा, दोन मिनिटांचं काम.

दुसरं, वॉशआउट, म्हणजे नदीनं सीम कापून नेली. सीमच्या जागी जाड, भरड वालुकाश्म, तळाशी कोळशाचे किंवा शेलचे तुकडे अडकलेले, तळाची सीमा धारदार. वर-खालच्या इतर सीम जागेवर असतात आणि त्यांच्यातलं एकूण अंतर फारसं बदलत नाही, थोडं वाढलेलं असेल, कारण वाळू पीटइतकी दबत नाही. शेजारच्या होलमध्ये सीमचा वरचाच भाग कापलेला दिसला तर चॅनल कुठल्या दिशेनं गेलंय त्याचाही अंदाज येतो.

तिसरं, नॉर्मल फॉल्ट. उभ्या होलमध्ये नॉर्मल फॉल्ट लागला की सेक्शनचा एक तुकडा गायब होतो, नुसती सीम नाही तर तिच्या वरखालचा खडकही. म्हणून वरच्या आणि खालच्या सीममधलं अंतर अचानक कमी होतं. कोअरमध्ये चुरा, घासल्याच्या चकचकीत पृष्ठभागाच्या खुणा, जास्तीचा तिरका डिप शोधा. वरच्या यादीतलं ते ३ मीटर आठवा, ते हेच असू शकतं.

चौथं, कामठीखालची झीज. सीम बराकरच्या माथ्याजवळ असेल आणि त्या होलमध्ये पिवळसर-तांबूस कामठीचा वालुकाश्म खालपर्यंत आला असेल तर सीम होती, कामठी बसायच्या आधी झिजून गेली. अशा ठिकाणी सीमची रेघ कामठीच्या तळाला जाऊन थांबवायची, निमुळती करून संपवायची नाही. नकाशावर ही कड जमिनीवर दिसत नाही, वर कामठी आणि त्याच्यावर काळी माती, त्यामुळे ती होलवरूनच आखावी लागते.

पाचवं आणि शेवटचं, खरंच साचली नाही. हे मान्य करायला पुरावा पाहिजे: शेजारच्या होलमध्ये सीम क्रमानं पातळ झालेली, राख वाढलेली, आणि तिच्या पातळीवर कार्ब शेल किंवा मुळांच्या खुणा असलेली शेल. अचानक साडेतीन मीटरवरून शून्य हे पिंच आउट नसतं.

> सावधान: पेंच-कन्हानकडे काम करत असाल तर ट्रॅपचे डाइक आणि सिलही (थरांत घुसून थिजलेला तप्त खडक) धरा. त्यांच्याजवळ कोळसा भाजून झामा झालेला असतो, त्याचे आकडे नेहमीच्या कोळशासारखे येत नाहीत म्हणून सीम ओळखू येत नाही.

९. मग समुद्रसपाटीवरचं सेक्शन आणि फॉल्ट

आता त्याच रेघा आरएलवर काढा. ग्रेडियंट तपासा. सीमचा उतार १० ला १ असेल तर डिपच्या दिशेनं ४०० मीटरवर ती ४० मीटर खाली गेली पाहिजे. ७५ मीटर खाली सापडली तर ३५ मीटरचा हिशोब लागत नाही. आता सहाव्या टप्प्यातलं सेक्शन कामी येतं: दोन्ही होलमध्ये सीममधली अंतरं तीच असतील तर मधे फॉल्ट आहे, अंतरं एकाच बाजूला वाढत असतील तर ते निदान काही अंशी साचण्यातलं आहे. दोन्ही एकत्रही असू शकतं, बेसिनच्या कडेच्या फॉल्टजवळ तर बहुधा असतंच.

फ्लोअरचे छोटे चढउतार म्हणजे लगेच फॉल्ट नव्हे. खाली वाळूचा भिंगासारखा थर असेल तर तो कमी दबतो, बाजूचा चिखल आणि पीट जास्त दबतं, आणि सीम त्याच्यावरून वाकून जाते. एक-दीड मीटरच्या फॉल्टची जाळी काढायच्या आधी खालच्या वालुकाश्माची जाडी बघा.

जाडीची दुरुस्ती: उभ्या होलमधली जाडी गुणिले डिपचा कोसाइन. आपल्याकडे डिप बहुधा मंद असतो, १० अंशाला ६ मीटरचे ५.९१ होतात, त्यात फार जीव अडकवू नका. होल वाकडं गेलंय का हे मात्र खोल होलमध्ये नक्की बघा, त्याचा फरक कितीतरी मोठा असतो.

१०. नकाशे सगळ्यात शेवटी

कोरिलेशन होईपर्यंत सॉफ्टवेअर उघडूच नका. ते जे द्याल ते गुळगुळीत करून देतं, चुकीची सीम दिली तरी सुंदर कंटूर (समान आकड्यांच्या रेघा) येतात, आणि एकदा सुंदर नकाशा झाला की कोणी परत मागे जाऊन बघत नाही.

क्रम असा ठेवा. आधी पार्टिंगच्या जाडीचा नकाशा, त्यावर सीम एकत्र येते ती रेघ हातानं आखा. मग कोळशाची जाडी, डर्ट बँड वगळून आणि धरून असे दोन वेगळे नकाशे, एकाच नकाशात काही होल असे आणि काही तसे नकोत. मग राख. शेवटी फ्लोअर कंटूर, फॉल्टच्या दोन्ही बाजूंना वेगळे, फॉल्ट ओलांडून कंटूर जाऊ देऊ नका. स्प्लिट झालेल्या भागात अखंड सीमची जाडी आणि फांदीची जाडी एकाच ग्रिडमध्ये घातली तर स्प्लिटच्या रेघेवर खोटा कडा तयार होतो, म्हणून त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे वेगळे ग्रिड करा.

राखेचा नकाशा पार्टिंगच्या नकाशावर ठेवून बघा. पार्टिंग जाड होत जाते तिकडे राख वाढत असेल तर तुमचं कोरिलेशन बऱ्यापैकी बरोबर आहे. दोन्हींचा काहीच संबंध दिसत नसेल तर सातव्या टप्प्यावर परत जा. हे ग्रेडसाठीही लागतं: २०१२ पासून जीसीव्हीचे (कोळशाच्या उष्णतामूल्याचे) जी-१ ते जी-१७ ग्रेड आहेत आणि बहुतेक पायऱ्या किलोमागे ३०० किलोकॅलरीच्या, त्यामुळे एकच सीम एका ब्लॉकमध्येच दोन-तीन ग्रेड सरकते. पूर्ण ब्लॉकला एक सरासरी लावणं म्हणजे खाण चालवणाऱ्याला चुकीची माहिती देणं.

जिथे खात्री नाही तिथे तुटक रेघ मारा आणि शेजारी कारण लिहा: ‘रिकव्हरी ६० टक्के’, ‘होल तालचीरपर्यंत नाही’, ‘फॉल्ट की वॉशआउट ठरलं नाही’. प्रूव्ह्डचा (खात्रीशीर साठ्याचा) ब्लॉक आखताना माहितीच्या बिंदूपासून २०० मीटरच्या पुढे जाऊ नका, आणि तुटक रेघेवर तर तेवढंही नको. पुढच्या ड्रिलिंगची यादी करताना पहिली होल याच तुटक रेघांवर मागा. जिथे सीम जाड आणि निर्विवाद आहे तिथे अजून एक होल मारून मीटर वाढतात, प्रश्न सुटत नाही.